वल्हांडणाचे कोकरू आणि निळा दोरा

यरुशलेमचे मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडले आणि तिथला ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या कोकराचा यज्ञ थांबला. तेव्हा तालमूद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथाच्या 'पेसाहीम' प्रकरणातले त्या यज्ञाचे नियम शिकणे म्हणजे नसलेल्या वेदीभोवती शब्दांचा कीस काढणे. उलट वस्त्राच्या चार कोपऱ्यांना लावायचे गोंडे, म्हणजे त्सित्सित, आजही वापरात आहेत, म्हणून त्यांचे नियम शिकण्यात अर्थ आहे. हा पूर्वपक्ष मी अनेक जाणत्यांकडून ऐकला आहे. तो दोन्ही बाजूंनी चुकतो.

मुळात तालमूदचा गाभा असलेली मिश्ना सिद्ध झाली ती इ.स. २०० च्या सुमारास आणि बाबिली तालमूद त्यानंतर काही शतकांनी. वेदी नाही, हे त्या पंडितांना आपल्याइतकेच ठाऊक होते. तरी त्यांनी काय जपले ते पाहा. निसान महिन्याची चौदावी, म्हणजे या यज्ञाची, तिथी शब्बाथला, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या दिवशी, आली, तेव्हा यज्ञ करावा की नाही, हे बथेरा घराण्याच्या प्रमुखांना आठवेना. हिल्लेल या पंडिताने कैमुतिक न्याय लावला: नित्य होम चुकवल्यास उच्छेदाची शिक्षा नाही, तरी तो शब्बाथला चालतो; वल्हांडणाचा यज्ञ चुकवल्यास ती शिक्षा आहे, मग तो चालणार यात शंका कसली? पण तालमूद इथे थांबत नाही. नित्य होम रोजचा असतो आणि पूर्ण जाळला जातो, वल्हांडणाचे कोकरू तसे नाही, असे म्हणून ते हिल्लेलचेच अनुमान खोडते. निर्णय मग दोन्ही यज्ञांच्या आज्ञांत आलेल्या समान शब्दावर टेकतो. पुढे, सुरी आदल्या दिवशी आणायची राहिली तर काय, हे हिल्लेललाही आठवेना. त्याने लोकांकडे पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी लोकांनी सुरी कोकराच्या लोकरीत खोवून, करडाच्या शिंगांत अडकवून आणली, आणि ते पाहून त्याला नियम आठवला. तर्काची मर्यादा आणि लोकाचाराचे प्रामाण्य इतक्या नेटकेपणाने शिकवणारे पान मला दुसरे ठाऊक नाही.

आता गोंडे. बायबलमधल्या 'गणना' ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात त्यांत निळा दोरा घालण्याची आज्ञा आहे. तो रंग एका सागरी जीवापासून मिळे. तालमूदोत्तर काळात ती विद्याच हरवली. नुसता पांढरा गोंडा चालतो, कारण निळ्याच्या अभावी पांढरा बाद होत नाही, असे तालमूदचे 'मेनाहोत' प्रकरण सांगते. म्हणजे ज्याला आपण 'जिवंत' म्हणतो त्या आचाराचाही एक अंश हजाराहून अधिक वर्षे केवळ अभ्यासात होता. मग १९१३ मध्ये आयझॅक हर्झोग यांनी लंडन विद्यापीठात या रंगावर प्रबंध लिहिला आणि १९८० च्या दशकात म्युरेक्स गोगलगायीचा रंग उन्हात निळा होतो, हे रसायनशास्त्रज्ञ ओटो एल्स्नर यांना दिसले. लगेच प्रश्न उभा राहिला: प्रत्येक कोपऱ्याच्या आठ पदरांत निळे किती? मध्ययुगीन पंडितांपैकी रामबाम म्हणतात एक, राबाद दोन, राशी चार. ही उत्तरे निळा दोरा व्यवहारात नसताना लिहून ठेवलेली होती. ही गोगलगाय म्हणजे तोच सागरी जीव, हे अनेक रब्बी मानत नाहीत. पण त्यांचा नकारही त्याच पानांवर उभा आहे.

आता पुन्हा कोकराकडे. १८७४ मध्ये पुण्यात बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यूंसाठी हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. त्या रात्री कोकरू, बेखमीर भाकर आणि कडू भाजी या तिन्हींचा अर्थ सांगितल्याखेरीज कर्तव्य पुरे होत नाही, हा गमलिएल या पंडिताचा नियम हग्गादेत असतोच. त्या तिहींतले कोकरू तेव्हा अठराशे वर्षे ताटात नव्हते.