दित्त घरोघरी गेला, आपण कधी जाणार?

"मिशनऱ्यांनी गहू आणि दूधपावडर वाटून दलितांना बाटवले." हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेले आहे. बोलणाऱ्याला यातून मिशनऱ्यांना शिवी द्यायची असते, पण ती लागते दलितांना. आमचा माणूस विचार करू शकत नाही, त्याला कोणीही पोतेभर धान्यात विकत घेऊ शकतो, असे यात गृहीत धरलेले असते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. या देशात अस्पृश्यांमध्ये ख्रिस्ती धर्म पसरला, तो मोठ्या प्रमाणात अस्पृश्यांनीच घरोघरी नेला म्हणून. पंजाबातील सियालकोटचे उदाहरण पाहू.

सियालकोट आज पाकिस्तानात आहे. तिथे अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनने 1855 मध्ये काम सुरू केले. शाळा काढल्या, बाजारात उभे राहून प्रवचने दिली. त्यांचा डोळा प्रामुख्याने वरच्या जातींवर आणि प्रतिष्ठित मुसलमानांवर होता. वरचे आले की खालचे आपोआप येतील, असा हिशेब होता. जवळपास 18 वर्षे खपूनही हाती मोजकीच माणसे लागली.

1873 मध्ये दित्त नावाचा माणूस मिशनमध्ये आला. वय तिशीच्या आसपास, एका पायाने लंगडा, निरक्षर. जात चुहडा, म्हणजे झाडलोट करणारी, मैला उचलणारी, मेलेली जनावरे ओढणारी अस्पृश्य जात. दित्तचा धंदा कातड्यांच्या खरेदी-विक्रीचा. त्याला ख्रिस्ताबद्दल सांगितले होते ते एका जाट ख्रिस्ती माणसाने. बाप्तिस्मा द्यायला पाद्री सॅम्युएल मार्टिन कचरत होते. दिल्यावर त्यांचा आग्रह असा, की दित्तने सियालकोटलाच राहून नीट शिकावे. दित्तने ऐकले नाही. मला माझ्या गावी जायचे आहे, असे म्हणून तो निघून गेला.

गावात नातेवाइकांनी त्याच्याशी खाणेपिणे तोडले. तो हटला नाही. काही महिन्यांनी बायको, मुलगी आणि दोन शेजारी यांना घेऊन सुमारे तीस मैल चालत तो सियालकोटला परत आला आणि त्यांना बाप्तिस्मा द्यायला लावला. पुढे कातडी घ्यायला ज्या ज्या गावी जाई, तिथल्या चुहड्यांच्या घरी बसून तो बोलू लागला. अकरा वर्षांत त्या भागात पाचशेहून अधिक चुहडे ख्रिस्ती झाले. जे. वॉस्कम पिकेट यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1900 पर्यंत सियालकोट जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक चुहडे ख्रिस्ती झाले होते. 1915 पर्यंत काही शेच उरले होते.

दित्तकडे पैसा, पदवी, ग्रंथ यांपैकी काहीही नव्हते. मग हे घडले कसे? समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर नातेसंबंधांच्या जाळ्यातून. गोऱ्या साहेबाला ज्या घरात बसायला जागा नव्हती, तिथे दित्तला खाट टाकली जाई. लोकांची बोली, त्यांचा अपमान, त्यांची भूक त्याला समजावून घ्यावी लागली नाही. आपल्यासारखाच एक माणूस बहिष्कार सोसूनही ताठ उभा आहे, हे लोक रोज पाहत होते. त्याच्या बोलण्याला वजन आले ते त्यामुळे.

यातला मुद्दा बाबासाहेबांनी ओळखला होता. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर लिहिताना, मिशनऱ्यांनी सुरुवात ब्राह्मणांपासून केली ही मोठी चूक होती, अशी टीका त्यांनी केली आहे.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. नात्यातून गेलेला प्रचार जातीतूनच जातो, कारण आपल्याकडे नाते जातीबाहेर जात नाही. चुहडे ख्रिस्ती झाले, पण जात म्हणूनच झाले. इतर जातींनी त्यांना आपले मानले नाही. आज पाकिस्तानात गटारे साफ करणाऱ्यांमध्ये ख्रिश्चनांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे आहे. सफाईच्या नोकऱ्यांच्या जाहिरातीत "फक्त बिगर-मुस्लिम" अशी अट छापली गेलेली आहे. धर्माचे नाव बदलले, हातातला झाडू सुटला नाही. धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना बाबासाहेबांचा चर्चला हाच सवाल होता : यांच्या आत्म्याची काळजी केलीत, यांच्या हक्कांसाठी कधी लढलात?

आता आपल्याकडे पाहू. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा झाली आणि 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. मध्ये दोन महिनेही नव्हते. तरीही 1951 च्या जनगणनेत देशात सुमारे 1 लाख 80 हजार असलेले बौद्ध 1961 मध्ये 32 लाखांवर गेले. हे काम कोणी केले? गावोगावच्या साध्या कार्यकर्त्यांनी आणि जलसाकारांनी. देव्हाऱ्यातले देव बाहेर काढून बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो लावणाऱ्या आयाबायांनी. 15 ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येक बौद्धाला दीक्षा देण्याचा अधिकार दिला होता, लोकांनी तो वापरला. आपल्यातही हजारो दित्त होते.

आणि आपणही त्याच भिंतीला धडकलो. 2011 च्या जनगणनेत देशात बौद्ध सुमारे 84 लाख आणि त्यातले 65 लाख एकट्या महाराष्ट्रात. त्यातही बहुसंख्य पूर्वाश्रमीचे महार. मातंग, चर्मकार, ओबीसी, आदिवासी यांच्या दारात आपण किती वेळा गेलो? ते येत नाहीत, ही तक्रार आपण करतो. बोलवायला कोण गेले होते?

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. घरात कोणी आजारी पडले, नवरा दारू पिऊन मारू लागला, की प्रार्थना करणारे ख्रिस्ती बंधू-भगिनी दारात येतात, तासभर बसतात, पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. प्रार्थनेने रोग बरा होतो हा त्यांचा दावा आम्हाला मान्य नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याला तो मान्य होणार नाही. पण त्यांचे ते बसणे खरे असते. आपला कार्यकर्ता मात्र एप्रिलमध्ये वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन येतो आणि डीजेचा हिशेब झाला की दिसत नाही. मग आपली माणसे तिकडे गेली की आपण त्यांना गद्दार म्हणतो.

1950 मध्ये महाबोधी नियतकालिकातील लेखात बाबासाहेबांनी भिक्खू संघाला सुनावले होते, की ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेझुइटांकडून काही शिका, शिक्षण आणि वैद्यकीय सेवा घेऊन लोकांत जा. घरोघरी जाणे ही काही परक्यांची युक्तीही नाही. तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी वेगवेगळ्या दिशांना पाठवले होते.

म्हणून मित्रहो, पोस्ट शेअर करणे थांबवू नका, पण त्याला प्रचार समजू नका. महिन्यातून दोन रविवार काढा. आपल्या वस्तीत जा आणि शेजारच्या मातंग वस्तीतही जा. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून द्या, दवाखान्यात सोबत जा, त्यांच्या घरचा चहा प्या, त्यांना आपल्या घरी जेवायला बोलवा. धम्मावर नंतर बोला. आणि त्यांच्यावर अन्याय झाला की पोलीस ठाण्यात सर्वात आधी आपण उभे राहा, कारण चर्च नेमके तिथेच कमी पडले होते.

दित्तने दार ओलांडले, जात ओलांडणे त्याला जमले नाही. ते काम आपल्याकडे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!