बैतुलमालचं काम आणि आपली तरुण मुलं : काय माहीत असायला हवं?

रमजान जवळ आला की मोहल्ल्यात पावतीपुस्तकं निघतात. पैसे गोळा करणं, राशन किट भरणं, ती घरोघर पोहोचवणं, या सगळ्यात पुढे असतात ती कॉलेजची मुलं-मुली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, तेव्हाही मदतीचे टेम्पो घेऊन पोचणाऱ्यांत मोहल्ल्या-मोहल्ल्यातली तरुण पोरं होतीच. म्हणजे जोश कमी नाही. पण लोकांनी दिलेला पैसा ही अमानत आहे, आणि ती सांभाळायचे नियम मुलांना बसवून कुणी सांगत नाही. त्यासाठी ही थोडक्यात माहिती.

चार प्रकारचा पैसा, चार वेगळे रकाने

बैतुलमाल म्हणजे जमातीचा सामायिक मदतनिधी. कुठे तो मशिदीची कमिटी चालवते, कुठे अंजुमन किंवा ट्रस्ट. त्यात येणारा सगळा पैसा सारखा नसतो.

१. जकात : निसाबाइतकी मालमत्ता चांद्रवर्षभर जवळ असेल तर अडीच टक्के, म्हणजे एक लाखावर २,५०० रुपये. आपल्याकडचे हनफी उलेमा निसाब ६१२.३६ ग्रॅम चांदी किंवा ८७.४८ ग्रॅम सोनं असा सांगतात. हा पैसा हकदाराच्या हातात, त्याच्या मालकीचा करून द्यायचा असतो. मशिदीचं बांधकाम, रंगकाम किंवा इफ्तारचा मंडप यात तो घालता येत नाही.

२. फितरा : ईदच्या नमाजाआधी पोचायला हवा. हनफी पद्धतीत गव्हाच्या हिशोबाने रोख रक्कम चालते. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई आहेत. शाफई मसलकात मूळ नियम धान्य देण्याचा आहे, म्हणून तिथे माणशी सुमारे अडीच किलो तांदूळ काढतात.

३. सदका आणि लिल्लाह : ही ऐच्छिक देणगी. शिक्षण, औषधं, कफन-दफन, संस्थेचा खर्च, कशालाही वापरता येते.

४. बँकेच्या व्याजाची रक्कम : सवाबची नियत न ठेवता ही गरजूंना दिली जाते. हिची नोंद वेगळीच हवी.

पैसे घेताना मुलांनी एकच प्रश्न विचारायचा : “चाचा, हे जकातीचे की लिल्लाह?” आणि उत्तर पावतीवर लिहायचं. एवढं राहिलं की पुढचा सगळा हिसाब बिघडतो.

हकदार कोण?

सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यात फकीर आणि मिस्कीन आहेत, तसेच कर्जात बुडालेले आणि प्रवासात अडकलेलेही आहेत. आपले आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं यांना आपली जकात देता येत नाही. त्यांचा सांभाळ हे तसंही आपलं कर्तव्य आहे. सय्यद घराण्यातल्या गरजूंना जकातीऐवजी लिल्लाहमधून मदत करावी. गरजू भाऊ-बहिणीला मात्र जकात देता येते.

यादी करताना अनेकदा गडबड होते. जो मोठ्याने मागतो तो यादीत येतो, आणि पडद्याआड शिवणकाम करून पोरं शिकवणारी बेवा राहून जाते. अशा घरांची चौकशी मुलींनी, त्या घरच्या बाईशी बोलून केली तर खरी हालत कळते.

फोटो नको

किट घेणाऱ्या बाईचा फोटो स्टेटसला लावणं ही खिदमत नव्हे. सूरह बकराच्या २६४ व्या आयतीत उपकार बोलून दाखवण्याने आणि मन दुखावण्याने सदका वाया जातो, अशी ताकीद आहे. वर्गातल्या एखाद्या पोराने आपल्याच अम्मीचा फोटो मित्राच्या मोबाइलवर पाहिला तर त्याला काय वाटेल, याचा विचार करा. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर सही केलेली पावती आणि किटांची संख्या पुरते.

कायदा आणि हिसाब

महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्टची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. वक्फ संस्थांची नोंद वक्फ मंडळाकडे असते. मुलाला कुठेही पाठवण्याआधी संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि गेल्या वर्षीचा हिसाब पाहून घ्या.

देणगी संस्थेच्याच खात्यात जावी, एखाद्या पोराच्या खासगी क्यूआर कोडवर नको. नियत साफ असली तरी सहा महिन्यांनी संशय येतो आणि त्या पोराचं नाव खराब होतं. रोख मोजताना दोघे जण हवेत, आणि त्याच दिवशी रक्कम जमा व्हावी. शाळकरी मुलांकडे रोख रक्कम देऊच नका.

पैसे नसले तरी

विद्यार्थ्याकडे देण्यासारखा वेळ असतो, आणि शिक्षणही. उत्पन्नाचा दाखला काढून देणं, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का हे दवाखान्यात विचारून येणं, अशा कामांसाठी आठवड्यातले दोन तास पुरतात. राशन महिनाभरात संपतं, पण वेळेवर भरलेल्या फॉर्ममुळे एखाद्या मुलीचं शिक्षण सुटत नाही. अठरा वर्षं पूर्ण आणि वजन किमान ४५ किलो असेल तर रक्तदानही करता येतं. रमजानमध्ये ते इफ्तारनंतर ठेवावं.

लहान मुलांच्या मालावर जकात आहे का, यात मतभेद आहे. शाफई मसलकात पालकांनी ती काढायची असते, हनफी मसलकात नाबालिगावर जकात नाही. पण ईदीतले दहा रुपये स्वतःच्या हाताने सदक्याच्या डब्यात टाकायची सवय दोन्ही घरांत लावता येते.

शाबान महिन्यातच कमिटीने मुलांना घेऊन बसावं आणि गेल्या वर्षीची यादी समोर ठेवावी. किती किट वाटली हे तर मोजाच, पण किती घरं स्वतःच्या पायावर उभी राहून यादीतून बाहेर पडली, हेही मोजा. एकही नसेल तर यंदा कामाची पद्धत बदलायला हवी.