कोडं खऱ्या डावातलं: गुकेशच्या 'उंट डी५' चालीत नेमकं काय आहे?

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. बुद्धिबळाच्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीतला चौदावा आणि शेवटचा डाव. चीनचा डिंग लिरेन आणि भारताचा डी. गुकेश यांचे प्रत्येकी साडेसहा गुण झाले होते. डाव बरोबरीत सुटला असता तर फैसला जलद डावांवर गेला असता, आणि एकूण रंग बरोबरीचाच होता. मग ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला.

त्या क्षणीचा पट आता कोडं म्हणून फिरतो. प्रश्न एवढाच: 'काळ्याची चाल, काळा जिंकतो.'

पटावर सोंगट्या मोजक्याच. दोघांकडे राजा, एक हत्ती, एक उंट. काळ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या गुकेशकडे दोन प्यादी, डिंगकडे एक. एका प्याद्याची आघाडी सहसा इथे पुरत नाही, कारण हत्ती आणि उंट असेपर्यंत पांढरा तग धरतो. म्हणजे जिंकायचं तर दोन्ही मारामाऱ्या उरकून फक्त राजे आणि प्यादी ठेवायची. डिंगच्या चालीने नेमकी तीच सोय करून दिली.

आधी हत्तीने हत्ती मारायचा, पांढरा राजा परत मारतो. मग उंट डी५ वर. डिंगचा उंट ए८ या कोपऱ्यात आहे आणि कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरकी वाट असते. त्या वाटेवरच काळा उंट येऊन बसतो, मागे राजाचा जोर. पांढरा उंट बी७ किंवा सी६ वर सरकला तरी मारला जातो. अदलाबदल टळत नाही. क्रम उलटा केला, म्हणजे आधी उंट हलवला, तर पांढरा हत्तीच काळ्या हत्तीला मारू शकतो.

पुढे ५८व्या चालीनंतर राजे ई३ आणि ई५ वर समोरासमोर, मध्ये एक घर, आणि चाल पांढऱ्याची. ज्याची चाल त्याला बाजूला व्हावं लागतं. डिंगने तिथेच डाव सोडला. १८ वर्षांचा गुकेश सर्वांत तरुण जगज्जेता झाला. त्याआधीचा विक्रम गॅरी कास्पारोव्हचा होता, १९८५ मध्ये, २२व्या वर्षी.

काही कोडी रचनाकार घरी बसून, सोंगट्या हव्या तशा मांडून तयार करतात. डावांतली कोडी वेगळ्या वाटेने येतात. आता हे काम बहुतेक संगणकच करतो. प्रत्येक चालीआधी आणि नंतर तो स्थितीचं मूल्य मोजतो. जिथे पारडं एकदम फिरतं, तिथे कोडं सापडण्याची शक्यता असते. जिंकण्याच्या दोन-तीन वाटा निघाल्या तर ती स्थिती सहसा बाद, कारण कोड्याला उत्तर एकच हवं. लिचेससारख्या मोफत संकेतस्थळावर सामान्य खेळाडूंच्या डावांतून अशी लाखो कोडी निघाली आहेत.

पण या गाळणीत एक गोष्ट हरवते. कोडं सोडवणाऱ्याला माहीत असतं की इथे काहीतरी दडलंय. गुकेशला ते कुणी सांगितलं नव्हतं. डिंगची चूक आपल्या लगेच लक्षात आली नाही, आपण हत्तीची वेगळीच चाल करणार होतो, असं त्याने नंतर सांगितलं. मोबाइलवर दहा सेकंदांत उत्तर काढून 'एवढं सोपं कसं दिसलं नाही' म्हणणाऱ्यांनी डिंगला जरा सांभाळून घ्यावं.

सगळीच कोडी इतकी चटकन उलगडत नाहीत. १९५६ मध्ये न्यूयॉर्कला १३ वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध १७व्या चालीला उंट ई६ वर आणला आणि वजीर मारू दिला. मात झाली ४१व्या चालीला. उत्तराची पहिली चाल पाठ असणारे खूप भेटतात. वजीर गेल्यावर घोडा शह देत देत काय काय गोळा करतो, हे सांगणारे कमी.

म्हणून असं कोडं समोर आलं की आधी दोन गोष्टी पाहाव्यात: चाल कोणाची, आणि प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या चालीने कोणतं घर किंवा कोणती सोंगटी उघडी पडली. मग शह, मारामारी, धमकी या क्रमाने चाली तपासाव्यात. गुकेशच्या कोड्यात शह एकही नाही. दोन मारामाऱ्यांच्या मधली 'उंट डी५' ही शांत चाल शोधायची असते, आणि बहुतेक जण अडतात ते तिथेच.