डिझाइन सिस्टिम

डिझाइन सिस्टिम : संकेतस्थळे व ॲप यांच्या दर्शनी भागासाठी लागणारी बटणे, रकाने, रंग, अक्षरांचे आकार, त्यांमागचा कोड आणि ते कुठे वापरावेत व कुठे टाळावेत याचे नियम एकत्र सांभाळणारी व्यवस्था. गूगलचे मटेरियल डिझाइन (२०१४) व ब्रिटिश सरकारची जीओव्ही.यूके डिझाइन सिस्टिम (२०१८) ही तिची ठळक उदाहरणे होत. ब्रॅड फ्रॉस्ट यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या ‘ॲटॉमिक डिझाइन’ पद्धतीत सुट्या घटकांपासून पूर्ण पानापर्यंत रचना चढत जाते. रंग व अंतरे यांची मूल्ये ‘डिझाइन टोकन’ म्हणून एकाच ठिकाणी नोंदवतात. हे तंत्र आता रुळले आहे. व्यवस्था टिकते की मोडते, हे मात्र उभारणीनंतरच्या देखभालीवर ठरते.

ब्रिटिश सरकारच्या व्यवस्थेतील आकड्यांचा रकाना याची साक्ष देतो. वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेत त्यासाठी ‘नंबर’ हा तयार प्रकार आहे. पण माउसचे चाक फिरले की त्यात भरलेला आकडा नकळत बदलू शकतो, आणि काही साहाय्यक सॉफ्टवेअरनाही तो नीट हाताळता येत नव्हता. म्हणून २०२० मध्ये तेथील चमूने साधा मजकुराचा रकाना स्वीकारला. त्याला ‘इनपुटमोड’ या गुणधर्माची जोड दिल्याने मोबाइलवर आकड्यांचाच कळफलक उघडतो. ही दुरुस्ती नव्या आवृत्तीतून एकाच ठिकाणाहून अनेक सेवांपर्यंत पोहोचू शकली. तक्रारी ऐकणारा, चाचण्या घेणारा व आवृत्त्या काढणारा चमू नसता, तर तोच दोष तितक्याच सहजपणे सर्वत्र पसरला असता.

अशा व्यवस्थेने कल्पकता मारली जाते, असा आक्षेप घेतला जातो. तो दिखाऊ वेगळेपणापुरताच खरा आहे. जन्मतारखेसाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने ठेवायचे हे एकदा ठरले, की ती तारीख विचारावी का आणि कोणत्या शब्दांत, या अधिक मोलाच्या प्रश्नाला वेळ मिळतो. लहान प्रकल्पांना उभारणी व देखभालीचा खर्च परवडत नाही, हा दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यांनी मुक्त परवान्याची तयार व्यवस्था घ्यावी. पण अशा तयार व्यवस्थेत रोमन लिपीसाठी बेतलेली ओळींची उंची देवनागरीला अपुरी पडू शकते. वेलांट्या व उकार कापले जात नाहीत ना, हे मराठी मजकूर घालूनच तपासावे. देखभालीसाठी माणसे व वेळ राखून ठेवता येत नसेल, तर स्वतःची डिझाइन सिस्टिम उभारू नये.