अर्धे मळसूत्र

हौसेने छोटी मोटरबोट घेणारा माणूस इंजिनाची चौकशी बारकाईने करतो. अश्वशक्ती किती, पेट्रोल किती खाते, दुरुस्तीला माणूस मिळतो की नाही. पाण्याखालच्या पंख्याकडे मात्र तो इंजिनासोबत आलेली वस्तू म्हणूनच पाहतो. (‘पंखा’ हा आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा शब्द, प्रोपेलरपेक्षा मला तोच जवळचा वाटतो.) योग्य पंखा कोणता, हे कागदावर नव्हे तर पाण्यात ठरते, याचा फार जुना दाखला एका शेतकऱ्याच्या नावावर आहे, आणि तोही अपघाताने.

फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा लंडनजवळच्या हेन्डनचा शेतकरी. खेळण्यातल्या होड्या बनवण्याचा नाद त्याला लहानपणापासून. तेव्हाच्या आगबोटी दोन्ही बाजूंना लावलेल्या मोठ्या चाकांनी पाणी कापत. लाटेवर बोट कलली की एक चाक खोल पाण्यात आणि दुसरे हवेत. स्मिथने पाण्याखाली फिरणाऱ्या मळसूत्राचे पेटंट ३१ मे १८३६ रोजी घेतले. सहाच आठवड्यांनी जॉन एरिक्सन या स्वीडिश अभियंत्याने वेगळ्या रचनेचे पेटंट घेतले. त्याही आधी, १८२९ मध्ये, योसेफ रेसेल या वनाधिकाऱ्याची अशी बोट त्रिएस्तच्या बंदरात चालली होती. पण वाफेची नळी फुटली आणि पोलिसांनी पुढच्या चाचण्यांवर बंदी घातली. पहिला कोण, हा वाद त्या त्या देशाच्या अभिमान्यांवर सोडून देऊ.

स्मिथचे मळसूत्र लाकडी होते आणि त्याला पूर्ण दोन वेढे होते. कल्पना सरळ दिसते: लाकडात स्क्रूचे जितके वेढे आत जातील तितकी पकड घट्ट, मग पाण्यात तरी वेगळे का व्हावे? १८३७ च्या फेब्रुवारीत पॅडिंग्टनच्या कालव्यात त्याची सहा टनांची छोटी बोट चालली असताना मळसूत्र कशावर तरी आदळले आणि निम्मे तुटून गेले. बोट रखडायला हवी होती. ती आधीपेक्षा वेगाने निघाली.

पाणी लाकडासारखे जागेवर थांबत नाही. पुढच्या वेढ्याने ते मागे लोटले की मागच्या वेढ्याच्या वाट्याला आधीच पळत सुटलेले पाणी येते. त्यातून मिळणारा रेटा थोडा, आणि लांबलचक लाकडाचे घर्षण मात्र पुरेपूर. स्मिथने हट्ट धरला नाही, याचे मला कौतुक वाटते. स्वतःच्या पेटंटातले चित्र बाजूला ठेवून त्याने एका वेढ्याचे मळसूत्र लावले आणि सप्टेंबरात तीच बोट थेट समुद्रात नेली. पुढे ब्रिटिश आरमाराच्या ‘रॅटलर’वरही लांबी कमी करत करत चाचण्या झाल्या. एप्रिल १८४५ मध्ये तिने चाकांच्या ‘अलेक्टो’ला दोर बांधून उलटे ओढत नेले. तोवर मळसूत्राचा पंखा होत आला होता.

छोट्या बोटीचा प्रश्न यानंतरही उरला. मोठा पंखा सावकाश फिरवून भरपूर पाणी हळू लोटणे हे लहान पंखा गरागरा फिरवण्यापेक्षा काटकसरीचे, हे रॅन्किनने १८६५ मध्ये मांडले. पण छोट्या बोटीखाली मोठ्या पंख्याला जागा कुठे? आणि लहान पंख्याच्या वेगालाही मर्यादा आहे. पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’चा पंखा १८९४ मध्ये इतका जोरात फिरला की पाण्यात पोकळ्या तयार झाल्या आणि ताकद वाया गेली. शेवटी तीन दांड्यांवर नऊ पंखे बसवले, तेव्हा ती ३४ नॉटच्या वर गेली.

मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये विकायला काढलेले दीड अश्वशक्तीचे, बोटीच्या मागे टांगायचे इंजिन यापुढे अगदीच साधे. उन्हात तळ्यातून वल्हवत होणाऱ्या बायकोसाठी आइस्क्रीम आणेपर्यंत ते वितळले, म्हणून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. असे यंत्र करणारा तो पहिला नव्हे; पण हौशी बोटवाल्याच्या हाती पंखा आला तो मुख्यतः अशा इंजिनांमुळे.

आज त्या पंख्यावर दोन आकडे असतात: व्यास आणि पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पाणी घन असते तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे गेला असता ते अंतर. १७ पिचचा पंखा मिनिटाला २,७०० फेरे फिरला तर हिशेबाने बोट ताशी ७० किलोमीटर जावी. प्रत्यक्षात ती ६० च्या आसपास जाते, कारण पाणी सरकते. इथेच नवखा बोटवाला स्मिथची पहिली चूक करतो. २१ चा पंखा लावला की वेग वाढेल, असे त्याला वाटते. इंजिनाला तो पेलत नाही, फेरे पडतात, बोट मंदावते आणि इंजिनावर नको तो ताण येतो.

म्हणून रीत अशी: नेहमीची माणसे आणि भरलेली टाकी घेऊन मोकळ्या पाण्यात थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि काटा पाहायचा. इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत तो पोचला नाही तर पिच कमी करायचा; पलीकडे गेला तर वाढवायचा. एका इंचाने साधारण दीडशे-दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो. दोघांना घेऊन सुरेख चालणारी बोट आठ जणांना घेऊन धापा टाकते, तेव्हा पंखा बिघडलेला नसतो, ओझे बदललेले असते. जाणते बोटवाले त्यासाठी कमी पिचचा दुसरा पंखा बोटीतच ठेवतात, आणि खडकावर पाते मोडले तर परत यायलाही तोच उपयोगी पडतो.