विस्मृतीचा हक्क

मनुष्याच्या स्मरणशक्तीला मर्यादा आहेत याबद्दल आपण नेहमीं हळहळतों. परंतु या मर्यादेनें आपल्यावर केवढे उपकार केले आहेत, याचा विचार क्वचितच करतों. एखाद्याचें कर्ज, एखाद्याची तारुण्यांतील चूक, यांचा चार दिवस बोभाटा होई आणि पुढें रद्दीबरोबर ती गोष्टही विसरली जाई. इंटरनेटनें ही नैसर्गिक क्षमा हिरावून घेतली आहे. तेव्हां खाजगीपणाचा हक्क आणि मतस्वातंत्र्य यांची सांगड घालावी कशी? या प्रश्नाच्या इतिहासांतील दोन प्रसंग वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

पहिला प्रसंग अमेरिकेंतील आहे. १८९० सालीं सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन वकिलांनीं हार्वर्ड येथील कायदेविषयक नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. क्षणांत छायाचित्र टिपणारा कॅमेरा तेव्हां नवा होता, आणि लोकांच्या घरगुती गोष्टी चव्हाट्यावर मांडणारीं वर्तमानपत्रें माजलीं होतीं. बातमी खोटी असेल तर अब्रुनुकसानीचा कायदा होता. परंतु ती खरी असून घरांत डोकावणारी असेल, तर दाद कोठें मागावी? कायद्यानें ही दाद द्यावी, असें त्यांनीं प्रतिपादिलें. मात्र सार्वजनिक हिताच्या गोष्टी छापण्यास त्यामुळें आडकाठी येऊं नये, हेंही तेथेंच बजावलें. पुढें न्यायाधीश झालेल्या याच ब्रँडाइस यांनीं १९२७ सालीं व्हिटनी खटल्यांत भाषणस्वातंत्र्याचें जें समर्थन केलें, तें आजही आदरानें वाचलें जातें. हे दोन्ही हक्क एकाच पुरुषाच्या मनांत सुखानें नांदूं शकले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरा प्रसंग स्पेनचा. १९९८ सालीं बार्सिलोनाच्या ‘ला व्हँग्वार्दिया’ या दैनिकांत सरकारी हुकुमानें लिलावाच्या दोन जाहिराती आल्या. सामाजिक विम्याची बाकी थकल्यामुळें एका गृहस्थाची मिळकत विक्रीस निघाली होती. प्रकरण मिटून वर्षें लोटलीं. परंतु दैनिकाचे जुने अंक इंटरनेटवर आले, आणि गूगलवर त्याचें नांव शोधतांच त्या जाहिराती समोर येऊं लागल्या. २०१० सालीं त्यानें तक्रार केली. तेथील माहिती-संरक्षण संस्थेनें दैनिकाविरुद्धची तक्रार फेटाळली, कारण जाहिराती कायदेशीर होत्या. गूगलविरुद्धची मात्र मान्य केली. वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला, व १३ मे २०१४ रोजीं निकाल लागला. कालबाह्य किंवा अप्रस्तुत झालेल्या माहितीचे दुवे आपल्या नांवाच्या शोधांतून काढावेत, अशी मागणी मनुष्याला करतां येते. मात्र सार्वजनिक जीवनांतील त्याच्या स्थानामुळें लोकांना ती माहिती मिळणें अगत्याचें असेल, तर नाहीं.

या निकालाचें मर्म असें कीं, दप्तर जाळलें गेलें नाहीं. त्याकडे बोट दाखविणारी पाटी तेवढी काढली गेली. इतिहासाचा अभ्यासक तारीख धरून जुन्या अंकापर्यंत पोहोंचूं शकतो. शेजाऱ्याच्या कुतूहलाला मात्र तो आयता हातीं मिळत नाहीं. तथापि एक दोष उरतोच. कोणता दुवा काढावा हें प्रथम ठरविणार ती खाजगी कंपनीच. आणि ज्याचा लेख दृष्टीआड होतो, त्या लेखकाला या निकालानें कोठेंच उभें केलेलें नाहीं. आज कर्जदाराला मिळालेली दया उद्यां लबाड पुढाऱ्याची ढाल होऊं नये, हें पाहण्यास निःपक्षपाती पंच हवा.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या वेळीं न्यायमूर्ति संजय किशन कौल यांनीं विस्मृतीच्या हक्काचाही परामर्श घेतला, व मतस्वातंत्र्य, लोकहित आणि इतिहाससंशोधन यांच्या आड तो येऊं नये, असें नमूद केलें. आमच्या मतें कसोटी हीच. सामान्य मनुष्याच्या घरावर पडदा असावा. सत्ताधाऱ्याच्या कचेरीवर तो नसावा.

विसरलें जावें म्हणून झगडणाऱ्या त्या स्पॅनिश गृहस्थाचें नांव खटल्यामुळें जगभर झालें. आम्हीं तें येथें मुद्दामच दिलेलें नाहीं.