पानशेतचा पूर आणि शेजारचे काका

१२ जुलै १९६१. बँकेत आयुष्यभर तारखा लिहिल्या, पण ही कधी पाठ करावी लागली नाही. मी तेव्हा अकरा वर्षांचा, बिऱ्हाड नारायण पेठेत. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं व्हायचं होतं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते तगवलं, म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटलं. मागोमाग खडकवासल्याचंही गेलं. रात्री झोपेत फुटतं तर हे लिहायला मी बहुधा नसतो!

वडिलांनी आम्हाला पर्वतीकडे पिटाळलं. शेजारचे काका मात्र "जरा पाणी बघून येतो" म्हणून लकडी पुलाकडे गेले, ते परत आले नाहीत. पट्टीचे पोहणारे होते हो! पण पूर म्हणजे काही विहीर नव्हे. त्यात ओंडके, पत्रे, गुरं, सगळंच अंगावर येतं.

आजही खडकवासल्यातून पाणी सोडलं की आपल्या सोसायटीतली मंडळी मोबाईल घेऊन पुलावर पळतात. मागच्या पावसाळ्यात माझा नातूही गेला. मी ओरडलो, तो हसला. त्या संध्याकाळी त्याला पहिल्यांदा काकांबद्दल सांगितलं. काकू पुढे कित्येक वर्षं रात्री दाराला कडी लावत नसत, तेही सांगितलं.